ट्रस्टकडे अर्ज करायचा आहे: नव्या व्हीलचेअर मागाव्यात की दुरुस्तीचा खर्च?

उसनवार

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून रुग्णोपयोगी साहित्याचं एक छोटं केंद्र चालवतो. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोड खुर्ची, फाउलर खाट (डोक्याची बाजू वर करता येते ती), हवेची गादी असं साहित्य आहे. लागेल त्यांनी न्यायचं, काम झालं की आणून द्यायचं. अनामत घेतो, भाडं घेत नाही. परत येताना वस्तू कुठल्या अवस्थेत येतात ते विचारू नका. संस्था नोंदलेली आहे, बँकेत संस्थेच्या नावाने खातं आहे, दोघांच्या सह्यांशिवाय पैसा हलत नाही, हिशेब दरवर्षी तपासून घेतो. आजवर सगळं वर्गणी आणि ओळखीपाळखीवर भागलं.

आता एका स्थानिक धर्मादाय ट्रस्टने छोट्या संस्थांकडून अर्ज मागवलेत. आम्ही असा अर्ज कधी केलेला नाही, आणि पहिल्याच बैठकीत आमच्यात दोन तट पडले. अध्यक्ष म्हणतात, नव्या कोऱ्या व्हीलचेअर मागू. पाठीवर ट्रस्टचं नाव रंगवू, वाटपाचा फोटो निघेल, देणाऱ्यालाही बरं वाटेल. माझं म्हणणं असं की खुर्च्या आपल्याकडे आहेत, त्या चालत नाहीत. मागच्या खोलीत ढीग लागलाय. एखादा माणूस आठवड्यातून थोडे दिवस दुरुस्तीला ठेवता आला तर निम्मा ढीग बाहेर निघेल. पण 'पगाराला आणि दुरुस्तीला कुणी देणगी देत नाही' असं सगळे म्हणतात.

शिवाय फॉर्मवर 'प्रशासकीय खर्च शक्यतो टाळावा' अशी सूचना आहे. 'संस्थेचा स्वतःचा सहभाग' असा रकाना आहे, त्यात काय भरायचं कळत नाही. 'अनुदान संपल्यावर काम कसे सुरू राहील' हेही विचारलंय. ते माहीत असतं तर अर्ज कशाला केला असता! आणि एकांनी सल्ला दिलाय की दुप्पट मागा, कापून निम्मे मिळतातच. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

चौकस

फॉर्मला हात लावायच्या आधी ट्रस्टला फोन करा. मागच्या वर्षी कुणाला, कशासाठी, साधारण किती दिले ते विचारा. अहवाल छापत असतील तर यादीच मिळेल. सगळे पैसे शिष्यवृत्त्यांना जात असतील तर तुमची खुर्ची कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. फोन केल्याने राग येत नाही कुणाला, उलट नाव लक्षात राहतं.

लाल_पेन

चौकस यांच्याशी सहमत. उसनवार, तुम्हाला जरा सविस्तर लिहिते, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. एका छोट्या ट्रस्टच्या छाननी समितीवर बरीच वर्षं आहे. (तुमचा ट्रस्ट नव्हे, निश्चिंत राहा.) हे काम आम्ही बिनपगारी करतो. दिवसभराची कामं उरकून रात्री गठ्ठा घेऊन बसायचं. अशा वेळी अर्ज कसा वाचला जातो ते सांगितलं की कसा लिहायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल.

पहिलं पान मी आधी वाचतच नाही. तिथे 'समाजातील तळागाळातील घटकांच्या सर्वांगीण उन्नतीसाठी कटिबद्ध' असतं, आणि ते वाक्य कुठल्याही संस्थेला चपखल बसतं. मी आधी उघडते अंदाजपत्रक. संस्थेला खरोखर काय करायचंय ते तिथे दिसतं. प्रकल्पाचं नाव 'ज्येष्ठांचा एकटेपणा दूर करणे' आणि खर्चात निम्म्याहून जास्त पैसे मंडप, ध्वनिक्षेपक आणि स्मरणचिन्हांना, असे अर्ज येतात. पुढचं वाचायची गरजच उरत नाही. आकडे सगळे गोल, शेवटी 'किरकोळ खर्च' म्हणून एक भलीमोठी रक्कम, असं दिसलं की समजायचं, कुणीतरी आदल्या रात्री बसून अंदाजाने भरलंय. खऱ्या दरपत्रकावरून काढलेला आकडा ओबडधोबड असतो आणि मला तोच आवडतो.

म्हणून दुप्पट मागू नका. एक तर बाजारभाव आम्हालाही कळतात. दुसरं म्हणजे, समजा निम्मेच दिले आणि तुम्ही तेवढ्यात सगळं काम करून दाखवलंत, तर आधीचा आकडा फुगवलेला होता हे तुम्हीच सिद्ध केलंत. जेवढं लागतं तेवढं मागा. कमी मिळाले तर काय गाळाल हे मात्र आधीच ठरवून ठेवा, जमल्यास अर्जातच लिहा: 'पूर्ण रक्कम शक्य नसेल तर आधी व्हीलचेअर, खाटा पुढच्या टप्प्यात.' असं लिहिणाऱ्याला कात्री लावतानासुद्धा आम्ही जपून लावतो.

आता खुर्च्या. अध्यक्षांना माझा नमस्कार सांगा, पण नव्या मागू नका. कदाचित मिळतीलही, पण दोन वर्षांनी त्या त्याच खोलीत त्याच ढिगावर जाऊन पडतील. आणि समितीतलं कुणी प्रत्यक्ष बघायला आलं (आम्ही जातो) आणि मागची खोली उघडी दिसली, तर पहिला प्रश्न काय येईल ते सांगायला नको. दुरुस्तीला कुणी देत नाही हे अर्धसत्य आहे. दुरुस्ती कुणी नीट मागत नाही. एका नव्या खुर्चीच्या पैशात बंद पडलेल्या किती खुर्च्या चालत्या होतात, याचा साधा हिशेब दोन दरपत्रकांसकट समोर ठेवा. बैठकीत तुमच्या बाजूने कुणाला तरी बोलावं लागतं, आणि त्याच्या हातात हे एक वाक्य लागतं.

माणसाच्या मानधनाचं म्हणाल तर 'प्रशासकीय खर्च टाळावा' ही सूचना वाचून लोक मानधन 'साहित्य' या सदरात कोंबतात. असलं काही करू नका. दुरुस्ती करणाऱ्याचं मानधन हा प्रशासकीय खर्च नाहीच, तोच तुमचा प्रकल्प आहे. प्रशासकीय म्हणजे हिशेबनीस, फोन, जागेच्या भाड्यातला आणि विजेतला वाटा. तोही थोडा असेल तर दाखवा, आणि हा वाटा कशावरून काढला ते एका ओळीत लिहा. फोर्ड फाउंडेशनसारख्या मोठ्या संस्थेनेसुद्धा 2015 मध्ये जाहीर केलं की प्रकल्पांसोबत वरखर्चासाठी 10 टक्के देत होतो ते आता 20 टक्के देऊ, कारण तेवढ्यात संस्थांचं भागत नाही. छोटे ट्रस्ट इतके पुढे गेलेले नाहीत, आमच्याकडेही यावरून दर बैठकीत वाद होतो. पण लपवलेला खर्च सापडला की त्या वादात तुमची बाजू घेणाराही गप्प बसतो.

उरलेल्या दोन रकान्यांबद्दल उद्या लिहिते. तोवर 'प्रकल्पाची गरज' या रकान्यात काय लिहिणार आहात ते इथे टाका बघू.

वैतागलेला_सचिव

मी उलट बाजूने बोलतो, राग मानू नये. आमच्या मंडळाने मध्यंतरी अर्जांचा सपाटा लावला होता. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, प्रत्येकाला तीच कागदपत्रं वेगळ्या क्रमाने हवीत. छोट्या रकमेसाठी मोठ्या रकमेइतकेच कागद. कार्यकर्ते काम सोडून झेरॉक्स काढत बसले. एका ठिकाणाहून तर नकारसुद्धा आला नाही, नुसती शांतता. मिळणारी रक्कम आणि त्यापायी जाणारे तास यांचा हिशेब आधी करा. वर्गणीदार वाढवले असते तर बरं झालं असतं असं आमचं मत झालंय.

लाल_पेन

सचिवसाहेब, नकार न कळवणं हा आमच्या लोकांचा शुद्ध आळस आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. तासांचा मुद्दाही बरोबर. ज्या ट्रस्टचा हेतू तुमच्या कामाशी जुळतो अशा एक-दोनच ठिकाणी अर्ज करावा. ट्रस्टच्या घटनेत 'शिक्षण' लिहिलं असेल तर विश्वस्तांची कितीही इच्छा असली तरी ते व्हीलचेअरला पैसे देऊ शकत नाहीत, त्यांचे हात बांधलेले असतात. फार पूर्वी मेलेल्या माणसाने लिहून ठेवलेल्या अटींमुळे पैसा अडकून पडतो, या वैतागातूनच फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने 1914 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये वेगळी रचना काढली: अनेकांच्या देणग्या एकत्र ठेवायच्या, आणि गावाची गरज बदलेल तसं एका स्थानिक समितीने त्या कुठे द्यायच्या ते ठरवायचं. सामुदायिक प्रतिष्ठानांची सुरुवात ती. तुमचा ट्रस्ट जुन्या धाटणीचा की या धाटणीचा, हे चौकस म्हणतात त्या फोनमध्येच कळेल.

उसनवार

सगळ्यांचे आभार. फोन केला. 'आरोग्य व अपंग कल्याण' हेतूंमध्ये आहे. बाई फार चांगल्या बोलल्या, मागे त्यांनी फिजिओथेरपीच्या उपकरणांना मदत केली आहे.

'गरज' रकान्यासाठी हे लिहिलंय, बघा:

'आमचे केंद्र गेली अनेक वर्षे गरजू रुग्णांना अविरत व निःस्वार्थ सेवा देत आहे. वाढत्या मागणीच्या तुलनेत साधनसामग्रीचा अभाव असल्याने अनेक रुग्ण सेवेपासून वंचित राहत आहेत. आपल्यासारख्या दानशूर संस्थेचे सहकार्य लाभल्यास या कार्यास नवसंजीवनी मिळेल.'

लाल_पेन

दादा, यातलं काहीच खोटं नाही, पण यातलं काहीच तुमचं नाही. हाच परिच्छेद रक्तपेढीला चालेल, गोशाळेलाही चालेल. 'दानशूर' तर काढूनच टाका, आम्हाला ओशाळवाणं होतं.

तुमच्याकडे वस्तू देण्याघेण्याची वही असेलच. ती उघडा आणि मला सांगा: व्हीलचेअर एकूण किती, बंद किती, कशामुळे बंद, एक खुर्ची साधारण किती दिवस बाहेर राहते, आणि खुर्ची शिल्लक नाही म्हणून किती जणांना परत पाठवलं.

उसनवार

वही घेऊन बसलो आणि मग मागच्या खोलीतही जाऊन आलो. व्हीलचेअर 26. चालू 15, बंद 11. त्यातल्या 7 खुर्च्यांची पुढची लहान चाकं फिरत नाहीत. एक उलटी करून पाहिली. चाकाच्या आसाभोवती केस आणि साडीचे धागे इतके घट्ट गुंडाळले गेलेत की पक्कडीनेही निघेनात, खाली बेअरिंग गंजलेलं. दोघींचे ब्रेक सैल, लावले तरी उतारावर खुर्ची सरकते. एकीची पाय ठेवायची पट्टी हरवलीय आणि एकीचं बसायचं कापड फाटलंय. म्हणजे चौकट मोडलेली एकही नाही! हे आम्ही इतके दिवस नीट पाहिलंच नव्हतं.

खुर्ची साधारण सहा आठवडे बाहेर राहते. परत पाठवलेल्यांची नोंद मात्र वहीत नाही. फोनवर 'आत्ता शिल्लक नाही' म्हणतो आणि ठेवून देतो.

लाल_पेन

झालं की, अर्ज इथेच लिहून झाला.

फक्त ती शेवटची नोंद. तुमच्या गरजेचा सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही फोनबरोबर ठेवून देताय. वहीच्या मागच्या पानावर आजपासून तीन रकाने आखा: तारीख, काय हवं होतं, कशासाठी. नाव-पत्ता लिहू नका, गरज नाही. अर्जाची मुदत संपायला अवकाश असेल तर तेवढ्या दिवसांचीसुद्धा नोंद पुरते, फक्त 'अमुक तारखेपासूनची नोंद' असं प्रामाणिकपणे लिहायचं.

आणि परिच्छेद काहीसा असा करा, शब्द तुमचे घाला:

'आमच्याकडे 26 व्हीलचेअर आहेत, त्यांपैकी 11 बंद आहेत. एकीचीही चौकट मोडलेली नाही. चाकांची बेअरिंग, ब्रेक, कापड यांसारख्या सुट्या भागांअभावी आणि नियमित देखभाल करणारे कोणी नसल्याने त्या पडून आहेत. एक खुर्ची साधारण सहा आठवडे एका घरी राहते, म्हणजे दुरुस्त झालेली प्रत्येक खुर्ची वर्षाला सातआठ घरांना पुरते. सुटे भाग आणि आठवड्यातून दोन दिवस काम करणाऱ्या कारागिराचे एक वर्षाचे मानधन यासाठी आम्ही मदत मागत आहोत.'

यात एकही विशेषण नाही बघा. 'अपेक्षित परिणाम' या रकान्यात '11 खुर्च्या दुरुस्त होतील' एवढंच लिहून थांबू नका, ते तुमचं काम झालं. त्या कामाने घरात काय बदललं तो परिणाम. डायलिसिसला नेताना माणसाला उचलून न्यावं लागत नाही, पाय मोडलेली बाई स्वतःहून दारापर्यंत जाते. पण जे मोजता येणार नाही त्याचं वचनही देऊ नका. 'परिसरातील अपंगांचे जीवनमान उंचावेल' असं लिहिलंत तर वर्षअखेर मी विचारणार, किती उंचावलं? त्यापेक्षा खुर्ची परत घेताना घरच्यांना दोन प्रश्न विचारा: कशासाठी वापरली, नसती तर काय केलं असतं. उत्तरं वहीत लिहा. अहवालाची निम्मी सोय तिथेच होते.

आता राहिलेले रकाने. 'स्वतःचा सहभाग' म्हणजे रोख रक्कमच असं नाही. जागा कुणी फुकट दिली असेल तर तिचं चालू भाडं, कार्यकर्त्यांचे तास, ने-आण करणाऱ्याची गाडी, हे सगळं मोलात धरून दाखवता येतं. ही पद्धत आजची नाही. ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीने 1912 पासून अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास 5,000 शाळा उभारायला पैसे दिले, पण अट अशी की गावानेही आपला वाटा उचलायचा. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी जमीन दिली, लाकूड दिलं, अंगमेहनत दिली, आणि ते सगळं हिशेबात धरलं गेलं. तुमच्या तासांना मोल लावताना मात्र साध्या मजुरीचा दर धरा. कार्यकर्ता एरवी डॉक्टर असला तरी तो खुर्ची पुसत असताना डॉक्टरची फी लावायची नसते. (हसू नका, असा अर्ज आलाय.)

'पुढे काम कसं चालेल' हा प्रश्न जाचक वाटतो खरा, पण तो फार जुना आहे. अमेरिकेतला पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी गावोगाव वाचनालयाच्या इमारतीला पैसे द्यायचा तेव्हा त्याचं म्हणणं असे: जागा तुम्ही द्या, आणि मी देतो त्याच्या 10 टक्के रक्कम दरवर्षी चालवण्यासाठी खर्च करण्याचं कबूल करा. 1883 ते 1929 या काळात अशी अडीच हजारांवर वाचनालयं झाली. पुस्तकं आणि पगार तुमचे तुम्ही बघा, असा त्याचा खाक्या. आम्हाला तेवढंही नको असतं. 'इतर देणगीदारांकडे प्रयत्न करू' हे उत्तर मात्र चालत नाही, ते सगळेच लिहितात. तुमच्याकडे अनामत आहे ना? खुर्ची परत करताना स्वखुशीने देखभालीसाठी काही देणारे असतात. ती पेटी वेगळी ठेवा, आणि पहिल्या वर्षाच्या जमेवरून पुढच्या वर्षीच्या सुट्या भागांचा किती भाग निघेल ते लिहा. कारागिराकडून दोन कार्यकर्त्यांना चाकं साफ करायला आणि ब्रेक आवळायला शिकवून घेणार असाल तर तेही लिहा. पूर्ण खर्च निघणार नाही, आम्हालाही ते माहीत असतं. विचार केलाय का, एवढंच बघायचं असतं.

जमाखर्च

लाल_पेन ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त हिशेबाचं बोलतो. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत एक बेअरिंगसुद्धा विकत घेऊ नका. बहुतेक ट्रस्ट आधी झालेल्या खर्चाला पैसे देत नाहीत, आणि पावतीवरची तारीख मंजुरीच्या आधीची निघाली की तेवढा खर्च नामंजूर. पत्रात अटी असतात, त्या सही करण्याआधी वाचा, विशेषतः पैसे आगाऊ मिळणार की पावत्या दिल्यावर. पावत्यांवर असेल तर तोवर खर्च कुठून करणार हे ठरवून ठेवा.

पैसे आले की वहीखात्यात त्यांचं वेगळं खातं काढा. वेगळं बँक खातं मागितलं नसेल तर उघडायची गरज नाही, पण 'व्हीलचेअर दुरुस्ती अनुदान' असं स्वतंत्र पान पाहिजेच. खाटेचा पाय तुटला म्हणून यातून चार पैसे तिकडे वळवायचे नाहीत, नंतर भरून टाकू म्हणूनसुद्धा नाहीत. कारागिराला रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि दर महिन्याला हजेरीच्या कागदावर सही घ्या. अहवाल मागायच्या वेळी पावत्या शोधत बसणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्यात. एक फाईल, पावती आली की त्यात, संपलं.

उसनवार

अध्यक्ष दुरुस्तीला तयार झाले! वहीतले आकडे वाचून दाखवले, त्यावर ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, निदान दुरुस्त खुर्च्यांवर ट्रस्टचं नाव रंगवू.

जमाखर्च, एक शंका. सुट्या भागांसाठी दोन दुकानांची दरपत्रकं आणली आहेत, दरांत बराच फरक आहे. स्वस्तातलं लावायचं का? आणि काम झाल्यावर पैसे उरले तर?

लाल_पेन

नावाचं आधी ट्रस्टला विचारा, काहींना ते नकोच असतं. आणि रंगवायचंच असेल तर पाठीवर मोठ्या अक्षरांत नको. जो माणूस त्या खुर्चीत बसून चारचौघांत जाणार, त्याच्या पाठीवर पाटी कशाला? चौकटीला खाली छोटी पट्टी लावा.

जमाखर्च

दोन्ही दरपत्रकं जोडा. स्वस्तातलं घेणं बंधनकारक नसतं, पण महागातलं का घेतलं ते दोन ओळींत लिहा. बेअरिंगच्या बाबतीत कारण सोपं आहे: सीलबंद घेतलंत तर धूळ आणि केस आत जाणार नाहीत. कारागिराला विचारून तसंच लिहा.

उरलेले पैसे परस्पर खर्च करू नका. मुदत संपायच्या आधी पत्र टाका: एवढे शिल्लक आहेत, वॉकरच्या रबरी बुटांना वापरू का? लेखी होकार आला तर वापरा, नाही तर परत पाठवा. होकार बहुधा येतो, पण तो फाईलला लागलेला हवा.